हिरवळ आणि निंदण

आमच्या चर्चसमोर चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद अशी एक हिरवळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातील काळ्या मातीत, जेथे मे महिन्यात पारा चाळीस अंश सहज ओलांडतो आणि बायकांना हंड्यासाठी हातपंपापाशी रांग लावावी लागते, तेथे अशी हिरवळ असावी की नसावी, हा प्रश्न मला वेळीच पडावयास हवा होता. तो फार उशिरा पडला. तोपर्यंत त्या हिरवळीपायी माझ्या हातून एका माणसाचे नुकसान होऊन गेले होते. त्या नुकसानीची ही हकिकत आहे. तिच्यात गवतातण्याचे तपशील पुष्कळ येतील. वाचकांनी ते सोसून घ्यावेत, कारण तपशील ठाऊक नव्हते म्हणूनच मी चुकलो.

२०२२ च्या जूनमध्ये मुंबईच्या एका हितचिंतक कुटुंबाने मरियामातेच्या ग्रोटोपुढे लावण्यासाठी हिरवळीचे तयार गालिचे पाठविले. सतरंजीसारखे गुंडाळलेले ते गालिचे टेम्पोतून उतरत असताना आमच्या कुंपणाला लागून ज्यांचे कापसाचे शेत आहे ते भाऊ पाहावयास आले. त्यांनी एका गालिच्याचे टोक उलगडले, एक काडी उपटली, तिच्या पेरांवरून अंगठा फिरविला आणि विचारले, “फादर, हरळी विकत आणली?”

मी हसलो. ते मात्र हसले नव्हते. गालिच्यातले गवत खरोखरच हरळीची एक बारीक पानाची निवडक जात होते. गणपतीला वाहतात ती दूर्वाही हरळीच. पण कापूस किंवा मिरची पिकविणाऱ्या माणसाला हरळीसारखा दुसरा वैरी नाही. तिच्या मुळ्या खोल उतरतात, जमिनीखालून व जमिनीवरून तिचे धुमारे धावतात आणि कुळवाने तुटलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काश्या उन्हात तापवावयाच्या व वेचून काढावयाच्या, एवढाच जुना उपाय. भाऊंच्या वडिलांनी त्या शेतातली हरळी काढण्यात तीन उन्हाळे घालविले होते. आणि त्यांच्या बांधाला लागून मी ती खत-पाणी घालून वाढविणार होतो! निंदण म्हणजे काय, याचे उत्तर झाडात नसते, ते कोणाच्या दारात उगवले आहे यावर असते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात यावयास हरकत नव्हती.

पहिले वर्ष बरे गेले. पुढच्या उन्हाळ्यात बोअरचे पाणी आटले, गालिच्याला ठिकठिकाणी टकले पडली आणि २०२३ च्या पावसाळ्यात त्या टकलांतून एकेक पाहुणा डोके वर काढू लागला. मी जन्माने वसईचा. आमच्या वाडीत आई भाताची बेणणी करी, तेव्हा बांधावर बसून मी पुस्तक वाचत असे. त्यामुळे पन्नाशी उलटून गेल्यावर गुडघे टेकून तणाची ओळख करून घेण्याची पाळी माझ्यावर आली.

पहिला ओळखला तो लव्हाळा. हिरवळ कापल्यावर दोनच दिवसांत जे पाते इतरांच्या वर उंच, चकचकीत आणि किंचित पिवळसर दिसते ते त्याचे. खात्री करावयाची तर त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवावा. गवताचा दांडा गोल फिरतो, लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना लागतात. तो उपटला की हातात येतो तो केवळ शेंडा. खाली मण्यांच्या माळेसारख्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवू शकते. तुकोबांनी महापुरात लव्हाळे टिकतात असे म्हटले ते नम्रतेच्या संदर्भात. माळी मात्र त्याच्या नम्रतेवर विश्वास ठेवणार नाही. लेरॉय होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील घातक तणांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिला मान लव्हाळ्यालाच दिला.

त्यानंतर केना. निळ्या, इवल्याशा फुलांचा, दिसावयास निरुपद्रवी. पण त्याची कांडी ओल्या मातीला टेकली की पेरापाशी मुळे सुटतात. शिवाय तो जमिनीखालीही मिटलेली फुले धरतो व तेथेच बी करतो. म्हणून उपटलेला केना पावसात तेथेच टाकणे म्हणजे त्याची लावणी करणे होय. घोळीचेही तेच: मांसल पाने, तांबूस देठ, आणि तुटलेला तुकडा पुन्हा रुजतो. दुधी तोडली की पांढरा चीक येतो, एवढी खूण पुरे. गोखरूची ओळख मात्र मला आमच्या बालवाडीतील मुलांच्या तळव्यांनी करून दिली. त्याची पिवळी फुले दिसताच झाड काढले नाही, तर काट्यांच्या फळांना तोंड द्यावे लागते. कडेने तरोटा माजला होता, ज्याला पश्चिमेकडे टाकळा म्हणतात. त्याची पाने संध्याकाळी मिटतात, जणू सायंप्रार्थनेची घंटा त्यांनाही ऐकू जाते.

२३ जुलै २०२३ हा सामान्य काळातील सोळावा रविवार होता. त्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयाच्या तेराव्या अध्यायातले, शेतात वैऱ्याने पेरलेल्या निदणाचे. मराठी बायबलातला निदण हा शब्द आणि आमच्याकडील बायकांच्या तोंडचा निंदण हा शब्द एकच. उपासनेचे पंचांग कोणी कोठे बसून आखले असेल ते असो, नंदुरबार जिल्ह्यात तो दाखला बरोबर निंदणीच्या दिवसांत येतो. मी सहनशीलतेवर प्रवचन केले. मिस्सानंतर भाऊ थांबले आणि म्हणाले, “फादर, त्या मालकाने पहिली निंदणी केलीच नव्हती का? आम्ही तर वीस दिवसांत शेतात उतरतो.” सेमिनरीत शिकलेले तेव्हा उपयोगी पडले. मी सांगितले की पॅलेस्टाईनमधले ते तण कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, कणीस निघेपर्यंत निवड करता येत नाही, आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. भाऊंनी क्षणभर विचार केला. “मग ठीक आहे,” असे म्हणून ते गेले. दाखल्यातील मालकाला शेती कळत होती, एवढे त्यांना पटले असावे.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी हिरवळीवर तणनाशक फवारले.

ऑगस्टमध्ये पाहुणे येणार होते व हिरवळ नीट दिसावी अशी माझी इच्छा होती. दुकानातून मी टू-फोर-डीची बाटली आणली. हे औषध १९४० च्या दशकात निघाले आणि जगभर पसरले. त्याचा गुण असा की ते रुंद पानाच्या झाडांना मारते व गवतवर्गीयांना बहुधा सोडते. म्हणून ते गहू, भात, ऊस यांत आणि हिरवळीतही वापरतात. वनस्पतीच्या वाढीचे जे नैसर्गिक द्रव्य, त्याची ते नक्कल करते. झाड वेडेवाकडे वाढते, वळते, पिळवटते आणि त्या वाढीनेच मरते. बाटलीबरोबरची घडीची पत्रिका बारीक अक्षरांची होती. मी प्रमाण तेवढे वाचले. चर्चच्या मालकीच्या पाठीवरच्या पंपाने फवारणी केली, पंप एकदा साध्या पाण्याने खळबळून घेतला आणि पडवीत टांगला.

सोमवारी, ३१ जुलैला, भाऊ तो पंप मागावयास आले. कापूस दीड महिन्याचा झाला होता, तुडतुडे पडले होते, त्यांचा स्वतःचा पंप गळत होता. खेड्यात पंप, शिडी, पहार या वस्तू मागितल्या की द्यावयाच्याच असतात. मी आनंदाने दिला. मला आठवते, “सावकाश आणा” असेही म्हणालो.

आठवड्याभराने त्यांच्या कापसाची नवी पाने निराळी येऊ लागली. कापसाचे पान रुंद, तळहातासारखे. ही पाने चिंचोळी, बोटांसारखी फाटलेली, शिरा एकमेकींना चिकटून उभ्या गेलेल्या. भेंडीचे पान असावे तशी. शेंडे वाकले, पात्या गळू लागल्या. भाऊंना वाटले नवा रोग आला. त्यांनी आणखी एक औषध फवारले. अर्थातच त्याच पंपाने. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक गावातून वाजतगाजत गेली, तिच्यात ते नव्हते. दोन दिवसांनी कृषी सहायक शेतावर आले. त्यांनी दोन-तीन झाडे पाहिली, कीड शोधली नाही, पानही तोडले नाही. एवढेच विचारले, “पंप कोणाचा?”

मी बांधावर उभा होतो.

कापूस हे पीक टू-फोर-डीला इतके नाजूक आहे की पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेला अंशही त्याला पुरतो. वाऱ्यावर उडालेले तुषारही पुरतात. साध्या पाण्याने एकदा धुतल्याने ते जात नाही. धुण्याच्या सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने, नळी व नोझल सुटी करून, पुनःपुन्हा धुवावे लागते. शहाणा शेतकरी तर तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवतो. हे सारे त्या बारीक अक्षरांच्या पत्रिकेत असणार. मी लॅटिन वाचू शकतो, ग्रीकही थोडेसे वाचतो.

एकंदर सव्वा एकर बाधित झाले होते. कृषी सहायक म्हणाले, झाडे मरणार नाहीत, नवी फूट येईल, पण हंगाम मागे पडेल. तसेच झाले. पहिली वेचणी गेल्यातच जमा झाली आणि शेजारच्या तुकड्याच्या निम्मेही त्या तुकड्यात निघाले नाही. मी भरपाईचा विषय काढला तेव्हा भाऊ म्हणाले, “पंप मी मागितला. तुम्ही माझ्या घरी आणून दिला नव्हता.” हे उत्तर मला कोणत्याही दोषारोपापेक्षा जड गेले. दसऱ्यानंतर पुष्कळ विनवल्यावर त्यांनी बियाणे व खत यांचा खर्च घेतला. घरच्या माणसांच्या मजुरीचे पैसे घेतले नाहीत. ते घेतले असते तर मला अधिक बरे वाटले असते, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी ते घेतले नसावेत. पण हा माझा तर्क.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी मी वेदीजवळून सर्व हकिकत सांगितली. कारण व्यावहारिक होते: त्या पंधरवड्यात पंप आणखी कोणी नेला होता काय, हे कळणे आवश्यक होते. सुदैवाने कोणी नेला नव्हता. तीस वर्षांच्या सेवेत मी पापांगीकाराविषयी पुष्कळ बोललो आहे. पण पाच वाक्यांची ती सूचना देताना माझा आवाज मला अनोळखी वाटला.

ऑगस्टच्या मध्याला भाऊंच्या पत्नी, ज्यांना गावात सर्वजण काकी म्हणतात, हातात विळा घेऊन आवारात आल्या. “औषध मारू नका, मी निंदून देते,” एवढेच म्हणाल्या. शेतातली निंदणीची जी मजुरी तीच येथे घ्यावी असे ठरले. मीही रोज सकाळी मिस्सानंतर तासभर त्यांच्याबरोबर बसू लागलो. त्या उपटलेल्या तणाचे दोन ढीग करीत. एक शेळ्यांसाठी. दुसरा कशासाठी, हे मला विचारावे लागले.

“दुसरा चुलीसाठी. पण या वर्षी हा ढीग फेकायचा,” त्या म्हणाल्या. त्यांनी घोळ, केना, माठ, कुंजरा, कुरडू वेगवेगळे करून दाखविले. तरोट्याचे पान बोटांत धरून त्या म्हणाल्या की आता हा जून झाला. पहिल्या पावसानंतर चार-सहा पानांचा असतो तेव्हाच त्याची भाजी गोड. आमच्या आवाराच्या कडेचा कोवळा तरोटा आणि घोळ पाड्यावरील बायका दर पावसाळ्यात नेत असत. हे मला, दोन वर्षे तेथे राहून, ठाऊक नव्हते. मी दचकून विचारले, जुलैच्या शेवटी कोणी नेला का? त्या म्हणाल्या, “नाही. पानं वळलेली दिसली. बायकांनी एकमेकींना सांगितलं, फादरच्या आवारातलं घेऊ नका.”

त्या रात्री मला झोप आली नाही. जुलै-ऑगस्ट हे आमच्याकडे घरातली जुनी ज्वारी संपत आल्याचे आणि नवे पीक हाती न लागल्याचे महिने. अक्राणी व अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांतील बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या वाचकांनी वर्षानुवर्षे वाचल्या असतील. त्या दिवसांत ताटातली हिरवी वस्तू म्हणजे बहुधा अशीच, न पेरता उगवलेली. ज्याला मी हिरवळीवरचा डाग समजत होतो तो कोणाच्या तरी कालवणाचा वाटा होता. बायकांनी तक्रार केली नव्हती. त्या ओढ्याच्या पलीकडे जाऊ लागल्या होत्या, इतकेच.

तेव्हापासून हिरवळीची व्यवस्था काकींच्या मताने चालते. हिरवळ आता निम्मी आहे. ग्रोटोभोवतालची तेवढी राखली. ती फार बुटकी कापीत नाही, दोन-अडीच इंच ठेवतो. गवत दाट व उंच असले की त्याच्या सावलीत तणाचे बी सहसा उगवत नाही. कच्चे शेणखत घालणे बंद केले, कारण गुरांनी खाल्लेले तणाचे बी त्यातून जसेच्या तसे परत येते. खड्ड्यात चांगले कुजून गरम झालेले खतच घालतो. टकले पडली की लगेच गवताच्या काड्या खोचतो. रिकामी जागा रिकामी राहत नाही, मालकाने भरली नाही तर इतर कोणी भरते. निंदणी पाऊस उघडल्यावर, माती मऊ असताना आणि फुले येण्यापूर्वी. लव्हाळ्यासाठी मात्र उपटून भागत नाही. पाच-सहा पाने झाली की खुरप्याने गाठीसकट खणावे, पुन्हा उगवला की पुन्हा. गाठ दमेपर्यंत आपण दमावयाचे नाही. काकींचा हिशेब तीन पावसाळ्यांचा आहे.

एका कोपऱ्यात मी पुस्तकातला एक प्रयोग केला. एप्रिलच्या शेवटी जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरले, कडा मातीने दाबल्या आणि सहा आठवडे तसेच ठेवले. आमच्या उन्हाचा काही उपयोग असेल तर हाच. वरच्या दोन-तीन इंचांतले पुष्कळसे बी त्या उष्णतेने मरते. काकींना हा प्रकार आवडला, फक्त प्लास्टिकची किंमत आवडली नाही. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र त्यातून सुखरूप वर आल्या.

मातीच्या पोटात किती बी किती काळ दडून असते याचा अंदाज माणसाला येत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली तणाच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या व जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरावयाची असा त्यांचा नेम. ते गेले, त्यांचे शिष्य गेले, नेम चालू राहिला. २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात एक बाटली काढली, तेव्हाही त्यातील काही बिया उगवल्या. एकदा औषध मारून कायमचे मोकळे होण्याची माझी कल्पना किती बालिश होती, हे सांगावयास एवढे पुरे.

एका झाडाच्या बाबतीत मात्र काकी आणि मी दोघेही निष्ठुर आहोत. ते गाजर गवत. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले पांढरी, बारीक. त्यावरूनच, टोपीच्या साम्यामुळे, लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात असे सांगतात. ते ना शेळी खाते ना माणूस, उलट त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज व फोड येतात. माझे धर्मशिक्षण पुण्याच्या पेपल सेमिनरीत झाले. ती संस्था १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आली आणि त्याच वर्षी पुण्यात हे गवतही प्रथम लोकांच्या नजरेत भरले. १९५६ साली राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. आम्ही विद्यार्थी या योगायोगावर विनोद करीत असू. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आले ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. पण तो करार १९५६ चा, तेव्हा तारखा जुळत नाहीत. १९८४ साली बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेने मेक्सिकोहून आणलेले भुंगे या गवतावर सोडले. ते त्याची पाने खातात. पावसाळ्यात आमच्या कुंपणाशीही ते दिसतात: पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा. काकींना ती कथा सांगितल्यावर त्यांनी मुलांना ते भुंगे मारण्यास बंदी केली. तरी उरलेले गवत आम्ही हातात पिशव्या घालून, फुलोऱ्यापूर्वी उपटतो. एका झाडाला हजारो बिया धरतात, तेव्हा येथे आळस परवडत नाही.

आवाराच्या पूर्वेची पट्टी आता मोकळी सोडली आहे. तेथे कापणी नाही, फवारणी नाही. या वर्षी पहिल्या पावसानंतर तेथे तरोटा उगवला तेव्हा तो कोणी नेते का, हे पाहावयास मी दोन दिवस पडवीत खुर्ची टाकून बसलो, आणि मी बसलेला असल्यामुळेच कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी मी शहाद्याला कामासाठी गेलो. परतलो तेव्हा शेंडे खुडलेले होते.

टू-फोर-डी ज्या पंपात होती तो मी मोडीत काढला. भोके पाडूनच भंगारात दिला, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. नवा पंप पडवीत त्याच खुंटीला टांगलेला असतो. गेल्या जुलैत भाऊ तो मागावयास आले. बांधावर मावा पडला होता. मी पंप खाली उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडले, आत नाक घालून नीट वास घेतला, नोझल पिळून काढले आणि तेही हुंगले. मग झाकण लावले, पट्टे खांद्यात अडकविले आणि म्हणाले, “संध्याकाळी आणून देतो.”